नामदेवकाकांची उभी गाडी

आमच्या गल्लीत एक पांढरी गाडी आहे. ती कुठेच जात नाही, तरी रोज संध्याकाळी तिच्यात प्रवासी बसतो.

सहाच्या सुमारास कौसाकाकू घराला कडी घालतात, पदर सारखा करतात, पाण्याची बाटली घेतात आणि दारासमोर उभ्या असलेल्या त्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसतात. दार लावून काचा वर करतात. त्याच वेळी समोरच्या देवळाच्या ओट्यावर त्यांचे यजमान नामदेवकाका गाडीकडे तोंड करून बसतात आणि बटणांचा छोटा फोन कानाला लावतात. बऱ्याच वेळाने काका फोन खिशात घालतात, काकू गाडीतून उतरतात आणि दोघं घरात जातात. बाटलीतलं पाणी मात्र खरोखर कुठे जाऊन आल्यासारखं अर्धं संपलेलं असतं.

अमडापुरात नवीन आलेला माणूस हे बघून थबकतो. आम्हाला गाडीची सवय झाली होती. आम्हाला नवल वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फोनवर काका हळू बोलायचे.

नामदेवकाका आणि हळू हे दोन शब्द आमच्या गावात कोणी एका वाक्यात वापरत नाही. काकांनी सारा जन्म बाजार समितीत हर्राशी पुकारण्यात घालवला. हर्राशी म्हणजे शेतमालाचा लिलाव. सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी जमायचे, ट्रॅक्टर धडधडत असायचे, हमाल ओरडत असायचे आणि या सगळ्यांच्या वरून काकांचा आवाज जायचा. काका निवृत्त झाले, आवाज झाला नाही. त्यांनी भाजीवालीला हाक मारली की पुढच्या गल्लीतला दूधवाला ब्रेक लावतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. ते स्वतःच्या अंगणातून विचारतात, "संगीता, लाईट गेली का वो?" आणि माझ्याआधी दुकानातलं गिऱ्हाईकच उत्तर देतं, "हाव काका, गेली!"

धंद्याची दुसरी सवयही गेली नाही. कुठलाही विषय ते लिलावासारखाच मिटवतात. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत तारखेवरून घोळ चालला होता. मुलाकडचे पंचांग चाळत होते, आमच्याकडचे चहा पीत होते. काकांनी सतरंजीवर हात आपटला. "रविवार! रविवारले कोणाची हरकत? एक वार... दोन वार..." मुलाचे मामा घाबरून म्हणाले, "नाही, नाही, चालते." लग्न रविवारीच झालं. मला हा माणूस आवडतो त्यामागे हेही एक कारण आहे. कामं लोंबकळत ठेवणारी माणसं मला सोसत नाहीत.

आता गाडीबद्दल. ती मूळ अमोलची, त्यांच्या मुलाची. तो पुण्यात असतो. त्याने नवी घेतली तेव्हा ही आईवडिलांना आणून दिली. मोतीबिंदूनंतर काकांनी गाडी चालवणं सोडलं, त्यामुळे बॅटरी उतरू नये म्हणून मीच ती दर शनिवारी चिखलीला नेऊन आणते. माझ्या शनिवारच्या यादीत दळण, गॅसचा नंबर आणि काकांची गाडी असा क्रम असतो.

गाडी कंपनीने दिली तशीच राहिली पाहिजे हा काकांचा नेम. त्यांनी सीटवर कव्हर घातलं नाही, काचेला लिंबू-मिरची बांधली नाही, मागे मुलाचं नाव लिहिलं नाही. टायर बदलायची वेळ आली तेव्हा टायरवाल्याला त्यांनी विचारलं होतं, "कंपनीनं कोणता देल्ला होता?" आणि त्याच्याकडे तोच नव्हता म्हणून मला रिकाम्या हाताने परत आणलं होतं.

त्यातही त्यांचा जीव अडकला होता ॲम्प्लिफायरमध्ये. पुढच्या सीटखाली वहीएवढी काळी पेटी असते. रेडिओचा किंवा फोनचा बारीक आवाज तिच्यात जातो आणि जोर घेऊन दारांमधल्या स्पीकरांतून बाहेर पडतो. साध्या गाड्यांत ही पेटी वेगळी नसते, अमोलच्या महागाच्या मॉडेलात होती. घरी पाहुणा आला की काका चहाच्या आधी त्याला गाडीपाशी न्यायचे, सीट मागे सरकवायचे, बॅटरीचा उजेड पाडायचे आणि म्हणायचे, "वाका. आणखी वाका. दिसला? कंपनीचा हाये." लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूसही सुटला नाही. तो बिचारा धोतर सावरत वाकला, पेटीकडे बघून हात जोडले आणि पत्रिका तिथेच सीटवर ठेवून गेला.

कौसाकाकूंना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. अमोलने कानाचं मशीन आणून दिलं, चांगल्यातलं. काकूंनी ते आठवडाभर लावलं आणि डबीत ठेवलं. "भांडं पडलं का जोरात ऐकू येते, अन् माणूस मात्र दूरच राह्यते," असं त्यांचं म्हणणं. मग काका ओरडायचे. पण ओरडण्याने काकूंना शब्द कळत नसत, नुसता राग कळायचा.

"चहा ठेवऽऽ!"

"काऊन चिडून राह्यले? म्या काय केलं?"

"चिडलो नाही वो! चहा मागून राह्यलो!"

"मंग एवढं कायले ओरडता? मी काय मार्केटात उभी हाये का?"

भिंतीपलीकडे मी, रस्त्यावर येणारेजाणारे, सगळ्यांना ते भांडण वाटायचं. एकदा ओळखीचे एक गृहस्थ समजूत घालायला आत गेले आणि चहा पिऊन बाहेर आले.

अशा माणसाने रोज संध्याकाळी फोनवर कुजबुजावं, मान खाली घालून मधूनच हसावं! गल्लीने शक्य तेवढे तर्क केले. समोरच्या घरातली सून मला म्हणाली, "ताई, बायकोले गाडीत कोंडतात अन् इकडं दुसरीसंग बोलतात. या वयात!" मी म्हटलं, तुझं झेरॉक्स झालं, सुट्टे दे.

मग एक दिवस गाडीचा आवाज गेला.

काका माझ्या दुकानात आले आणि इतक्या हळू बोलले की मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं. "संगीता, गाडीतून नुसतं फरफर येऊन राह्यलं. शब्द नाही निघत."

मी जाऊन पाहिलं. जुनी झालेली गाडी, दारांतल्या स्पीकरांच्या कडेचा फोम वाळून भुगा झाला होता आणि कागदी पडदे फाटले होते. मी म्हटलं, "काका, साधी गोष्ट आहे. शनिवारी चिखलीला नेते, नवीन सेट बसवून टाकू. पूर्णच बदलू, ॲम्प्लिफायरसकट."

"ॲम्प्लिफायरले हात लावायचा नाही."

"काका, कंपनी, कंपनी किती दिवस..."

"कंपनी गेली खड्ड्यात," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून हे ऐकून मी स्टूल पुढे केलं. ते बसले आणि त्यांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी अमोल दोघांना याच गाडीतून बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. परत येताना त्याच्या बायकोचा फोन आला आणि तो गाडीच्या स्पीकरवर लागला. सून म्हणाली, "आई, जेवलात का?" आणि काकू लगेच म्हणाल्या, "हाव माय, तू?" कोणाला पुन्हा सांगावं लागलं नाही, ओरडावं लागलं नाही. काचा बंद, चारी बाजूंनी येणारा जाड, एकसारखा आवाज. काकूंच्या कानांना तो पेलला. अमोल पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी काकूंना गाडीत बसवलं, अमोलने जोडून दिलेला मोठा फोन आत ठेवला, स्वतः ओट्यावर जाऊन बसले आणि छोट्या फोनवरून गाडीला फोन लावला.

"म्हणजे रोज तुम्ही काकूंशीच..."

"मंग कोणासंग? दिवसभराचं राह्यते ना सांगायचं."

काकांच्या पुतण्याच्या गाडीतही त्यांनी करून पाहिलं होतं. त्याने कंपनीचं काढून मोठा ॲम्प्लिफायर बसवला होता. काकूंनी दोन्ही कान झाकले होते. "अंगावर धावून आला वो," म्हणाल्या होत्या. "आपला डबा ओरडत नाही," काका मला म्हणाले. "तो बदलला अन् तिले नाही पेललं, तं मी काय करू? पुन्हा ओरडू?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं आणि शनिवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवून काकांसोबत चिखलीला जायचं ठरवलं.

चिखलीत गाड्यांची सजावट करणारे रफिकभाई आहेत. माणूस मनमोकळा, पण त्यांचं सगळं बोलणं आवाज किती मोठा यावरच. त्यांनी सीटखाली डोकावून पाहिलं आणि त्यांना दया आली.

"काका, ये डब्बा बुढ्ढा हो गया. निकाल के फेको. अपने पास ऐसा माल है, लगाया तो पूरी गल्ली हिलती."

"मले गल्ली नाही हालवायची. मले एका बाईपर्यंत पोचायचं हाये."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फक्त स्पीकर. ॲम्प्लिफायर तोच."

"मैडम, तुम तो समझदार हो."

"म्हणूनच सांगते."

त्यांनी कुरकुरत स्पीकर बसवले, चांगल्यातले. गाणं लावलं तर सगळं लांबून ऐकू आल्यासारखं. बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी जोर येईना. रफिकभाई खुशीत आले. "देखो, मैं बोला था! डब्बे में दम नहीं." मी विचारलं, दम का नाही? तेव्हा त्यांनी डोकं खाजवत सांगितलं, की कंपनीने ही पेटी आणि ते स्पीकर जोडीने बनवलेले असतात. जुन्या स्पीकरवर दोन ओहम लिहिलंय, बाजारातला स्पीकर चार ओहमचा. तो विजेला जास्त अडवतो, म्हणून या पेटीचा जोर त्याच्यावर कमी पडतो.

"मग दोन ओहमचे आणा."

"मिलते नहीं."

"मिळत नाहीत की दुकानात नाहीत?"

रफिकभाई हसले. "अकोला से मंगाना पडेगा. वक्त लगेगा."

"मागवा," काका म्हणाले. "एक वार, दोन वार, तीन वार. झालं."

ते दिवस वाईट गेले. संध्याकाळी सहाला काकू सवयीने कडी घालायच्या, बाहेर यायच्या, गाडीकडे बघून आत जायच्या. काका ओट्यावर बसायचे, पण फोन खिशातच. घरातून पुन्हा ते ओरडणं सुरू झालं आणि मग तेही कमी होत गेलं. आता काकू काही विचारत नसत आणि काका काही सांगत नसत. एकदा मी साखर मागायला गेले तर दोघं समोरासमोर बसून शेंगा फोडत होते. फक्त टरफलांचा आवाज. काका मला म्हणाले, "सोयाबीनचा भाव वाढला, ऐकलं का?" मी म्हटलं, नाही बा. "हिले सांगायचं होतं," ते म्हणाले.

अकोल्याहून माल आल्याचा रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी काकूंनाही गाडीत घातलं. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांना घरी ठेवून काम तपासायला जायचं, ही पद्धत मला पटत नाही.

दोन ओहमचे स्पीकर लागले. रफिकभाईंनी ढोलाचं गाणं लावलं. जोर आला होता. रफिकभाई मान डोलवायला लागले, मीही म्हटलं, छान. काकांनी कोणाचंच ऐकलं नाही. ते बाहेर गेले आणि फोन लावला. काकू पुढच्या सीटवर, मी मागे. काकांचा आवाज आला. मला स्वच्छ ऐकू आला. काकूंनी मान हलवली. नाही.

"डब्यात बसून बोलून राह्यल्यासारखं वाटते," त्या म्हणाल्या.

काका खिडकीशी आले. काकूंचा चेहरा पाहून ते रफिकभाईंकडे वळले. रफिकभाई वैतागले. "काकी, सबको सुनाई दे रहा है! मैडम को पूछो!"

"मॅडमसाठी नाही बसवले बे," काका म्हणाले, आणि हे मात्र पूर्ण चिखलीने ऐकलं.

भांडण सुरू होण्याआधी मी गाडीतून उतरले. मला एवढंच कळतं की सगळं एकदम बिघडलंय असं वाटलं की एकेक तपासायचं. रफिकभाईंना म्हटलं, आवाज नुसता डाव्या दारातून सोडा. त्यांनी सोडला. काकांना फोनवर बोलायला लावलं. काकूंनी मान डोलवली. बरं आहे. मग नुसता उजव्या दारातून. तोही बरा. मग दोन्ही. काकूंनी नाक मुरडलं.

"एकेकटे बरे बोलतात," काकू म्हणाल्या. "दोघं मिळाले का एकमेकाचं खाऊन टाकतात."

रफिकभाईंनी आधी एका दाराकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह. उल्टा लग्या होगा."

त्यांनी दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि त्यातला सेल घेऊन आले. सीटखालच्या पेटीची वायर सोडवली, सेलची दोन टोकं तिच्या टोकांना क्षणभर टेकवली आणि मला दारातल्या उघड्या स्पीकरकडे बघायला सांगितलं. डाव्या दारातला पडदा टुक करून बाहेर आला. उजव्या दारातला टुक करून आत गेला. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. माणसाच्या आवाजातला खालचा, जाड भाग दोघांच्या मध्येच विरत होता, आणि काकूंना तेवढाच तर ऐकू येत होता.

मागे कधीतरी हे उजवं दार ठोकून बसवलं होतं. त्या मिस्त्रीने टोकं बरोबर जोडली होती, पण हाताला लागेल त्या रंगाच्या वायरीने. रफिकभाईंनी रंग पाहून जोडणी केली होती, जशी ते रोज करतात.

"गलती मेरी," ते म्हणाले. "पर काकी को कैसे समझ्या, वो मेरे को नहीं समझ्या." त्यांनी वायर उलटवली, दार बंद केलं आणि गाणं लावायला हात पुढे केला. काकांनी तो हात धरला. "गाणं नोको."

दुपारची वेळ होती. रस्त्यावरून खामगावकडे जाणारे ट्रक चालले होते. काका रस्ता ओलांडून पलीकडच्या बंद दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. काकूंनी काच वर केली. मी मागच्या सीटवर बसले. फोन वाजला, गाडीच्या पडद्यावर हिरवं चिन्ह आलं आणि मी पुढे वाकून ते दाबलं.

"कौसा?"

हा आवाज मी भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं ऐकला होता आणि तरी ओळखला नसता. खाली उतरलेला, सावकाश, कोणाला वाट काढून दिल्यासारखा. गाडी त्याने भरली.



"कौसा, ऐकू येऊन राह्यलं का?"

काकू समोरच्या काचेकडे बघत होत्या. मला वाटलं, पुन्हा गेलं काम. मी उतरायला दाराच्या कडीला हात लावला. काकूंनी मागे न बघता माझं मनगट धरलं.

"कौसा..."

पलीकडे पत्र्याखाली काकांनी फोन कानावरून काढून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. मधून एक ट्रक गेला. तो सरकेपर्यंत ते दिसेनासे झाले.

"काकू, येतंय ना ऐकू?" मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"पहिल्याच बारीले आलं," काकू मला म्हणाल्या. "थांब जराशी. घरी ते मले 'अवो' म्हनतात. नावानं फोनवरच बलावतात."

"कौसा, बोल ना वो. ऐकू येते का नाही?"

आता त्या आवाजात हर्राशीचा माणूस कुठेच नव्हता. काकूंनी माझं मनगट सोडलं, पदर सारखा केला आणि समोरच्या पडद्याकडे झुकल्या.

"कोण बोलून राह्यलं?"

रस्त्यापलीकडे काका बघतच राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रफिकभाईंकडे पाहिलं, रस्त्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून फोन हाताने झाकला.

"मी होय," ते म्हणाले.

"हाव," काकू म्हणाल्या. "बोला."